कोरम समोरच्या टपरीवर होता

कोरमला माणसं कमी पडत होती, आणि कमी पडलेली माणसं मला समोर दिसत होती.

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही सतरंज्या टाकल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडे चहाची टपरी. तिथे बाकड्यांवर, मोटारसायकलींवर, नुसतीच उभी राहून चाळीस-पन्नास माणसं चहा पीत आमच्याकडे बघत होती. सगळे गावचे मतदार. सगळ्यांना सभेची वेळ माहीत. दवंडी त्यांच्या दारावरून गेलेली. पण रस्ता ओलांडून इकडे यायला कोणी तयार नव्हतं.

मी ग्रामसेवक. आता आमचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय. काम तेच आहे आणि गावात सगळे अजूनही "ग्रामसेवक म्याडम" म्हणतात. गाव मोताळा तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण माझी पेन्शन अजून व्हायची आहे.

ज्यांना ग्रामसभा फक्त पेपरात वाचून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. गावातला प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सदस्य. अध्यक्ष सरपंच. सरपंच नसेल तर उपसरपंच. सचिव मी. म्हणजे नोटीस काढायची मी, विषय वाचायचे मी, कोण काय बोललं ते लिहायचं मी, आणि काही बिनसलं की शिव्या खायच्या मी. सभा सुरू व्हायला ठराविक माणसं हजर लागतात. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. याला गणपूर्ती म्हणतात, बोलताना आम्ही कोरम म्हणतो. तेवढी माणसं नसली की सभा तहकूब करायची, म्हणजे पुढच्या तारखेवर टाकायची.

त्या दिवशी साठ-सत्तर जण आले होते. बहुतेक भीमनगरातले. बाया एका बाजूला, गडी दुसऱ्या बाजूला. सरपंच संगीताताई वानखडे खुर्चीत बसून वारंवार टपरीकडे बघत होत्या. त्याही भीमनगरातल्याच.

तेवढ्यात उपसरपंच भास्करराव टपरीवरून उठले, एकटेच रस्ता ओलांडून आले आणि माझ्या टेबलाजवळ वाकून हळू आवाजात म्हणाले, लोकं येऊन नाही राह्यले तर आपण काय करणार म्याडम, सोयाबीनचे दिवस आहेत.

सोयाबीन टपरीवर कापतात का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "बरं."

भास्करराव कधीच आवाज चढवत नसत. त्यांचा मला सगळ्यात जास्त त्रास तोच होता. भांडणारा माणूस परवडतो, त्याचं भांडण लिहिता येतं. हा माणूस हसून, नमस्कार करून, माझ्या पोरांची चौकशी करून काम अडवायचा.

काम कोणतं, ते सांगते. भीमनगरची स्मशानभूमी नाल्याच्या वळणापलीकडे आहे. जायला रस्ता नाही. एक गैरान आहे, म्हणजे गुरं चारायची सरकारी जमीन. तिच्या कडेने, वळणाला बगल देऊन वाट काढली तर नाला लागतच नाही. पण त्या गैरानाचा मोठा तुकडा कित्येक वर्षं भास्कररावांचे मेहुणे पेरत होते. कागदावर जमीन सरकारची, उभी तूर त्यांची. म्हणून लोक नाल्यातून जायचे. आदल्या वर्षी प्रल्हाद वानखडेची आई वारली तेव्हा नाल्याला पाणी होतं. तिरडी धरणाऱ्यांपैकी दोघं घसरले. प्रल्हादने आईला पाण्यात पडू दिलं नाही, पण त्यासाठी तो स्वतः गळ्याइतक्या पाण्यात गेला. मी तिथे नव्हते. दुसऱ्या दिवशी मृत्यूची नोंद करायला तो ऑफिसात आला, तेव्हा अंगठ्याचं नख उखडलेलं होतं आणि तो एकही शब्द जास्तीचा बोलला नाही. मीच विचारलं म्हणून कळलं.

गैरानातून रस्ता हवा असेल तर फाईल तहसीलला जाते, आणि फाईलीला ग्रामसभेचा ठराव लागतो. तो मिळाल्याशिवाय मोजणी नाही, मोजणीशिवाय रस्ता नाही.

आता स्मशानाच्या रस्त्याला माझा विरोध आहे, असं तोंडाने कोण म्हणणार? म्हणून ते नियम सांगायचे.

आधीच्या खेपेला सभा झाली होती, ठरावही झाला होता. तर दुसऱ्या आठवड्यात पंचायत समितीत अर्ज गेला की दवंडी नियमाप्रमाणे दिली नाही. दवंडी दिली होती. ऑटोवर भोंगा लावून सगळ्या गावात फिरवली होती. अर्जदाराचं म्हणणं, भोंगा म्हणजे दवंडी नव्हे, दवंडी म्हणजे डफडं. बीडीओ साहेबांनी, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांनी, शेरा मारला: सभा पुन्हा घ्यावी.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, तुमच्याच गावात का होतं हे सगळं?" ते म्हणाले.

"साहेब, बाकीच्या गावांत सभा होत नाही, नुसते ठराव होतात. म्हणून तक्रार नसते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुन्हा घ्या," म्हणाले. "आणि डफडं वाजवा."

तर या वेळी भोंगाही फिरवला आणि डफडंही वाजवलं. डफडं वाजवणारा माणूस शेजारच्या गावातून आणावा लागला, कारण आमच्या गावात आता ते कोणाकडे राहिलेलं नाही. एवढं करून कोरम टपरीवर चहा पीत बसला होता.

नियमात सांगितलेली वाट पाहिली आणि संगीताताईंनी सभा तहकूब केली. मी पुढची तारीख जाहीर केली आणि त्यासोबतचा नियमही मोठ्याने वाचून दाखवला: तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. विषय मात्र तेच घ्यायचे, नवीन एकही नाही. म्हणजे पुढच्या खेपेला दहा माणसं आली तरी सभा चालणार. हे मी चांगलं खणखणीत वाचलं. टपरीपर्यंत ऐकू गेलं नसावं.

प्रल्हाद सतरंजी घडी करायला लागला. म्हणाला, "म्याडम, आता हे लोकं काय काढतीन?"

मी म्हणाले, "आता काढायला काही उरलं नाही." नोकरीत इतकी वर्षं काढूनही मी असली वाक्यं बोलते.

तहकूब सभेच्या दिवशी सकाळी संगीताताईंचा फोन आला. खामगावहून. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली होती, रात्री त्रास सुरू झाला, आणि डॉक्टर सिझर म्हणत होते. मागे हॉस्पिटलचा गलका ऐकू येत होता.

"म्याडम, मी निंगू का? पोरगी आत हाय. पन आजची सभा..."

मी म्हटलं, अजिबात निघू नका, पोरीजवळ राहा.

"मंग खुर्चीत भास्करराव बसतीन."

"बसतील."

फोन ठेवताना एवढंच म्हणाल्या, "तुमी हाये ना तिथं."

हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही. सचिवाला मत नसतं. मी कोणाच्या बाजूने बोलू शकत नाही, हात वर करू शकत नाही. मी तिथे असून काय होणार होतं? तारीख बदलावी म्हटलं तर नोटीस निघालेली, आणि बदलली तर भास्कररावच पहिला अर्ज देणार. स्कूटी काढताना मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. त्यात त्या बिचाऱ्या बाळंतिणीलाही एक गेली.

गावात पोचले तर ओटा भरलेला. टपरीवरची सगळी मंडळी आज सतरंजीवर. कोरमची गरज नव्हती त्या दिवशी कोरम आला होता. भास्करराव पांढरा शर्ट घालून खुर्चीत. मला म्हणाले, या म्याडम, चहा घेता का?

एकूण नऊ विषय होते. रस्त्याचा विषय अजेंड्यावर दुसरा होता. मी पहिला विषय वाचून दुसऱ्यावर येते तोच भास्करराव म्हणाले, हा जरा निवांत बोलायचा विषय आहे, आधी किरकोळ विषय उरकून घेऊ, शेवटी हाच घेऊ. अध्यक्षाने क्रम बदलायला सुचवलं आणि सभेने हरकत घेतली नाही तर क्रम बदलतो. भीमनगरातल्या एक-दोघांनी तोंड उघडलं, पण बाकीचे पन्नास जण "हाव हाव, चालते" म्हणाले. क्रम बदलला.

मग किरकोळ विषय सुरू झाले. पथदिव्यांवर बोलणं संपेना. कोणाच्या खांबावर दिवा आहे, कोणाच्या नाही, कोणाच्या दिव्याला कोणाच्या गोठ्यातून वायर गेली. त्यानंतर रोह्यांचा विषय निघाला. रोही, म्हणजे नीलगाय, आमच्याकडे शेत उभं ठेवत नाही, हे खरंच आहे. त्यावर लोक बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि थांबा म्हणावं तर त्यांचं दुखणं खोटं नसतं. भास्करराव प्रत्येकाला नावाने हाक मारून बोलायला लावत होते. "बोल, तूही बोल. तुहीबी तं तूर खाल्ली." इतक्या लोकशाहीने चालवलेली सभा मी आयुष्यात पाहिली नाही. भर दुपार झाली. बायांमधून एकेक उठायला लागली. कोणाची म्हैस दारात, कोणाचं पोर शाळेतून यायचं. उठणाऱ्या बहुतेक भीमनगरातल्या. मी लिहीत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं.

शेवटी तो विषय आला. मी वाचला. भीमनगर स्मशानभूमीकडे जाण्यासाठी गैरानाच्या कडेने रस्ता मिळणेबाबत.

भास्करराव म्हणाले, "विषय मोठा हाय. सरपंचबाई नाईत. त्याइच्या माघारी हा विषय घेनं बरं दिसत नाही. पुढच्या सभेत घेऊ."

मी म्हणाले, "विषय अजेंड्यावर आहे. पुढे ढकलायचा असेल तर सभेला विचारावं लागेल."

"मी अध्यक्ष हाओ ना, म्याडम?"

"आहात. म्हणूनच तुम्ही विचारा."

प्रल्हाद उभा राहिला. तो ओरडला नाही. म्हणाला की दरवर्षी हा विषय पुढच्या सभेत जातो, आणि पुढच्या सभेपर्यंत आमच्यातलं कोणीतरी जातं. नाही म्हणायचं असेल तर आज सगळ्यांसमोर नाही म्हणा. आम्ही ऐकून घेऊ.

टपरीवरचे लोकही खाली बघत होते. मला वाटतं त्या वेळी विचारलं असतं तर त्यांच्यातल्या निम्म्यांनी हात वर केला असता. भास्कररावांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी विचारलंच नाही. ते उठले. खुर्ची मागे सरकवली. "चला बे," म्हणाले, "सभा झाली."

आता इथे एक बारीक गोष्ट आहे. सभा संपते ती सगळे विषय संपल्यावर. मध्येच थांबवायची तर ती तहकूब करावी लागते, कारण सांगून, सभेला विचारून. अध्यक्ष उठला म्हणजे सभा उठली, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. पण सगळ्या गावांत तसंच समजतात. सचिवही तसंच समजतो, रजिस्टर बंद करतो आणि घरी जातो. मीही कितीदा गेले आहे.

मी बसल्या जागेवरून विचारलं, "भास्करराव, तुम्ही सभा तहकूब करताय का? करत असाल तर कारण सांगा आणि सभेला विचारा. मला लिहावं लागतं."

ते चपला घालत होते. वळलेही नाहीत. "तुमाले काय लिहायचं ते लिहा," म्हणाले.

त्यांच्यामागे त्यांची माणसं उठली. सतरंज्या एकदम मोकळ्या झाल्या. भीमनगरातले वीस-पंचवीस जण राहिले, गुरं चारणारे एक आजोबा राहिले, आणि बायांमध्ये रत्नाबाई.

रत्नाबाई ग्रामपंचायतीच्या सदस्य. वरच्या आळीतल्या, चांगल्या जमीनवाल्या घरच्या, आणि निवडून आल्या त्या भास्कररावांच्या पॅनलमधून. तीन वर्षांत त्यांनी मासिक सभेत "हाव" सोडून एक शब्द उच्चारलेला मला आठवत नाही. त्या अर्धवट उठल्यासारख्या झाल्या होत्या आणि तशाच परत बसल्या होत्या. त्यांचा दीर पायरीवरून त्यांना खुणावत होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा हात रजिस्टर मिटायला निघाला होता, खोटं कशाला सांगू. घरी जावं, उद्या बीडीओंना कळवावं, सभा पुन्हा घ्यावी असा शेरा यावा, पुन्हा डफडेवाला शोधावा. हे सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मला एवढा कंटाळा आला की भीती मागे पडली. खरं सांगायचं तर धैर्यबिर्य काही नव्हतं. तो कंटाळाच होता.

मी उभी राहून नियम सांगितला. सभा तहकूब झालेली नाही. सरपंच हजर नाहीत, उपसरपंच निघून गेले. दोघंही नसले तर हजर असलेल्या पंचायत सदस्यांपैकी एकाला सभा अध्यक्ष निवडू शकते. आणि ही आधीच तहकूब झालेली सभा आहे. हिला कोरम लागत नाही. किती गेले याला महत्त्व नाही.

हे शेवटचं वाक्य कळायला लोकांना जरा वेळ लागला. मग आजोबा हसले. "मंजे तवा ते आले नाईत," ते म्हणाले, "म्हनून आता गेले तरी चालते."

"असंच," मी म्हणाले.

हजर सदस्य तिघं होते. दोघं भीमनगरातले आणि तिसऱ्या रत्नाबाई. मला वाटलं भीमनगरातलं नाव येणार. प्रल्हाद म्हणाला, "रत्नाकाकू बसू द्या खुर्चीत."

रत्नाबाई एकदम घाबरल्या. "मले काय येते त्यातलं?"

पायरीवरून दीर म्हणाला, "वहिनी, चाला घरी."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग प्रल्हादकडे. मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्याडम, खुर्चीत बसून काय म्हनाव लागते?"

"मला विषय वाचायला सांगायचं. मग कोणाला बोलायचंय का ते विचारायचं. मग हात वर करायला सांगायचं."

"येवढंच?"

"एवढंच."

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. पदर सारखा केला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. दीर पायरीवरून निघून गेला.

मी विषय वाचला. त्यांनी विचारलं, कोणाला बोलायचं आहे का. कोणी बोलेना. भीमनगरातल्यांना घाई झाली होती, आता पटकन हात वर करून मोकळं व्हावं. पण रत्नाबाईंनी हात वर करायला सांगितलं नाही. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, आणि हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं:

"कोनाले विरोध असन तं आता सांगा. मंग पाराजवळ जाऊन सांगू नका."

तेव्हा गुरं चारणारे आजोबा उठले. त्यांचा विरोध होता. रस्ता झाला की गाड्या जातील, मुरूम पडेल, आणि गुरांना नाल्यावर पाण्याला न्यायची वाट बंद होईल. भीमनगरातला एक पोरगा त्यांना बसा म्हणाला. रत्नाबाईंनी त्यालाच बसवलं. मग प्रल्हाद आणि आजोबा यांच्यात थोडी बोलाचाली झाली, आणि शेवटी असं ठरलं की रस्त्याच्या मधोमध गुरांना पलीकडे जायला एक जागा मोकळी सोडायची. मी ठरावात तशी दुरुस्ती लिहिली. दुरुस्ती सुचवणारे आजोबा, अनुमोदन देणारा प्रल्हाद. मत घेतलं तेव्हा आजोबांनीही हात वर केला. रत्नाबाईंनी विचारलं, मी करू का? मी म्हटलं, तुम्हाला मत आहे. त्यांनी हात वर केला, अगदी कोपरापासून सरळ, शाळेतल्या पोरीसारखा.

संध्याकाळी संगीताताईंना फोन केला. मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या. ठराव झाल्याचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खुर्चीत कोन होतं?" मी नाव सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. दोनदा विचारलं.

अर्ज गेलाच. उपसरपंचांनी सभा तहकूब केलेली असताना ग्रामसेवकाने बेकायदेशीर सभा चालवली, असा. मला कारणे दाखवा नोटीस आली आणि चौकशीला पंचायत समितीतून विस्तार अधिकारी आले. चांगले गृहस्थ, पण त्यांनाही हे प्रकरण नको होतं. ते इतिवृत्त वाचत होते. सभेत जे घडलं ते क्रमाने लिहितात, त्याला इतिवृत्त म्हणतात. वाचता वाचता एका ठिकाणी ते थांबले.

"'तुमाले काय लिहायचं ते लिहा.' हे काय आहे मॅडम?"

"अध्यक्षांचं शेवटचं वाक्य."

"असं लिहितात का?"

"मी विचारलं, तहकूब करताय का. त्यावर ते हे म्हणाले. काय लिहायचं ते लिहा म्हणाले, म्हणून लिहिलं."

त्यांनी भास्कररावांना बोलावून विचारलं की तुम्ही तहकूब हा शब्द वापरला होता का. भास्करराव हसून म्हणाले, शब्दाचं काय साहेब, मतलब तोच होता. पण त्यांच्याच एका माणसाने उठून जातानाचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता, सभेवर बहिष्कार असं खाली लिहून. बहिष्कार म्हणजे सभा चालू आहे आणि मी जातो. तहकूब म्हणजे सभाच थांबली. विस्तार अधिकाऱ्यांना तेवढं पुरलं. सभा वैध ठरली.

मलाही एक कागद मिळाला. सभा कामकाजात यापुढे अधिक दक्षता घ्यावी. कशाची दक्षता, ते त्यात नव्हतं. मी बीडीओ साहेबांना विचारलं की सभा नियमाप्रमाणे झाली असं तुम्हीच म्हणता, मग ही समज कशाची? ते म्हणाले, "मॅडम, तक्रार आली की दोन्हीकडे एकेक कागद द्यावा लागतो." मी तो फाईलला लावला.

मोजणी व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. मेहुण्यांनी त्या हंगामाची तूर काढून नेली, मग जागा सोडली. रस्ता झाला तो मुरमाचाच, आणि मागितला त्यापेक्षा अरुंद. मध्ये गुरांसाठी जागा सोडली आहे. रस्त्याच्या कामाचा नारळ उपसरपंच भास्कररावांनी फोडला. संगीताताईंनीच त्यांच्या हातात दिला. मी नंतर त्यांच्यावर चिडले. त्या म्हणाल्या, "फोडू द्या. त्याइनं फोडला तं परत अडवनार नाईत." भास्कररावांनी भाषण केलं, सर्वांच्या सहकार्याने हा रस्ता मार्गी लागला म्हणाले, माझेही आभार मानले आणि माझ्या पोरांची चौकशी केली. मला राग गिळता येत नव्हता आणि ते पेढा पुढे करत होते.

त्या दिवशी रत्नाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्या सभेनंतर घरात त्यांना बरंच ऐकावं लागलं होतं, दिराने बोलणं सोडलं होतं, हे मला माहीत होतं. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं, की सगळं पॅनल उठलं तेव्हा तुम्ही का बसून राहिलात?

मला वाटलं होतं की त्या प्रल्हादच्या आईबद्दल काही म्हणतील. दोघी एका वयाच्या, रत्नाबाईंच्या शेतात सोबत निंदणीला असायच्या.

"उठतच होती म्या," रत्नाबाई म्हणाल्या. "गुडघे धरतात ना. उठता उठता वेळ लागला. तवरिक तुमी तो नियम सांगून राह्यल्या. मंग म्हटलं, बसलोच हाओ तं ऐकून घेऊ."

नवीन लागलेले ग्रामसेवक कधीकधी मला सल्ला विचारतात. मी त्यांना सांगते, कोणी सभा सोडून निघालं की रजिस्टर मिटायची घाई करू नका. उठलेले मोजत बसू नका. बसलेले मोजा.